रक्ताचं सोवळं: एका हमखास सरांना अनावृत पत्र

हुडको, भिलाई

आदरणीय हमखास सर,



तुमचं खरं नाव लिहीत नाही. एक तर ते लिहिलं की लोक पत्र सोडून तुमच्यावरच चर्चा करतील, आणि दुसरं म्हणजे सिव्हिक सेंटरच्या आसपास तुमच्यासारखे इतके सर आहेत की प्रत्येकाला वाटावं, हे पत्र आपल्यालाच. वाटू दे. गेल्या गणेशोत्सवात आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत तुम्ही माझ्यापुढे होतात, तेव्हा कळलं की तुम्हीही मराठी, मूळचे भंडाऱ्याकडचे. म्हणून हे मराठीत लिहितोय. शिवाय मराठीत लिहिलं की तुमच्या वर्गातली नव्वद टक्के पोरं ते वाचणार नाहीत. तेवढीच तुमची अब्रू झाकलेली राहील.

मी कोण? तुमच्या अकरावीच्या बॅचमध्ये खिडकीच्या बाजूला बसणाऱ्या एका मुलीचा आजोबा. 1979 ते 2016 इथल्या पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर होतो. जीवशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकला बेडूक कापला तेवढाच. तेव्हा या पत्रात काही चुकलं तर मोठ्या मनाने एक मार्क कापा. कापण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही.

तर विषय असा. तुम्ही 'हमखास 40' नावाची चौदा पानी झेरॉक्स पुस्तिका काढता. फीमध्ये धरलेली नाही, वेगळे दीडशे रुपये. जिथे तीन चांदण्या, तो प्रश्न 'पक्का'. दोन चांदण्या, 'शक्यता दाट'. चांदणीच नाही त्या मजकुराकडे पोरं बघतही नाहीत, आणि त्यांचं काय चुकलं? आकाशात चांदणी नसलेल्या जागेकडे कोण बघतं? पान सहा, रक्ताभिसरण. तुमच्या सुंदर, गोलसर अक्षरात दोन ओळी आहेत आणि त्यांना चौकट:

धमनी: प्युअर ब्लड, लाल, जाड, खोल.
शिरा: इम्प्युअर ब्लड, निळी, पातळ, वरवर.

खाली हिंदीत सूचना: 'रट लो.'

नातीने रटलं. गुणी पोर आहे, सर जे म्हणतील ते करते. गेल्या पंधरवड्यात तुमच्या रविवारच्या टेस्टमध्ये प्रश्न आला की हृदयाकडून फुप्फुसाकडे ऑक्सिजन कमी असलेलं रक्त कोणती वाहिनी नेते. तिने विचार केला (तिथेच चुकलं, तुमच्या वर्गात विचार करायला वेगळे पैसे पडत असणार): ऑक्सिजन कमी म्हणजे इम्प्युअर, इम्प्युअर म्हणजे शिरा. लावली खूण फुप्फुस शिरेवर. चार मार्क गेले आणि वर एक कापला. नीटमध्ये 720 पैकी 360 मार्क जीवशास्त्राचे, म्हणजे एक चूक पाच मार्कांना पडते, हे तुम्हीच दर आठवड्याला पालकांच्या मोबाईलवर कळवता.

मी पुस्तिका मागवून बघितली. चौकटीच्या खाली अगदी तळाला तुम्ही तिसरी ओळ लिहिलेली असणार, कारण अक्षरांचे नुसते माथे दिसत होते. शेजारच्या पोराची प्रत आणली, त्यात ती अर्धी होती. दोन्ही प्रती जोडून वाचलं: 'अपवाद: फुप्फुस धमनी, फुप्फुस शिरा. तीन चांदण्या.' झेरॉक्सच्या मशीनने ती ओळ खाल्ली होती. सर, ज्या ज्ञानाची सगळी मदार कागदाच्या खालच्या समासावर आहे, त्या ज्ञानाला मी वाकून नमस्कार करतो. वाकल्याशिवाय ती ओळ दिसतही नाही.

आता माझा अडाणी प्रश्न. हा अपवाद आला कुठून? हृदयातून बाहेर रक्त नेते ती धमनी. हृदयाकडे रक्त आणते ती शिरा. बस. या व्याख्येत फुप्फुस धमनी बसते, फुप्फुस शिरा बसते, सगळ्या अंगातल्या धमन्या-शिरा बसतात, एकही बाहेर राहत नाही. व्याख्या रक्ताच्या दिशेवर आहे, आतल्या मालावर नाही. आधी तुम्ही चुकीची व्याख्या दिलीत, मग तिच्यात न बसणाऱ्यांना अपवाद ठरवलंत, आणि मग त्या अपवादाला तीन चांदण्या देऊन त्याचे वेगळे पैसे घेतलेत. आमच्या कारखान्यात कुणी आधी पाइप उलटा जोडून मग तो सुलटा करण्याचा ओव्हरटाइम मागितला असता, तर फोरमनने त्याला मुर्गा चौकापर्यंत पळवला असता.

तुम्ही भिलाईत राहता, म्हणून एक भिलाईचंच उदाहरण देतो. दल्ली-राजहराच्या खाणीतून लाल खनिज भरून मालगाडी येते. कारखान्यात माल उतरतो आणि रिकाम्या वॅगन परत राजहराला जातात. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, तेव्हापासून हे चालू आहे. माझे वडील त्या दिवशी गर्दीत होते, मी तीन वर्षांचा त्यांच्या खांद्यावर होतो म्हणे. या एवढ्या वर्षांत रिकाम्या वॅगनला कुणी 'अशुद्ध वॅगन' म्हटल्याचं मी ऐकलं नाही. रिकामी वॅगन म्हणजे भरायला निघालेली वॅगन. ती परत गेली नाही तर दुसऱ्या दिवशी फर्नेसला काय घालणार, आपलं डोकं?

बरं, ती पूर्ण रिकामीही नसते. तुमच्या पुस्तिकेत नाही, पण नातीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात आहे: 100 मिली ऑक्सिजनयुक्त रक्त साधारण 5 मिली ऑक्सिजन पेशींना देतं. निघताना त्यात असतो जवळपास 20 मिली. म्हणजे तुम्ही ज्याला 'इम्प्युअर' म्हणून निळ्या स्केचपेनने रंगवता, ते रक्त पाऊण भरलेलं परत येतं! स्वस्थ बसलेल्या माणसाचा पाऊण ऑक्सिजन तसाच शिल्लक. घाटातून धावत गेलात, तर पेशी त्यातला आणखी उचलतील. हा साठा आहे सर, केरकचरा नव्हे.

आणि रंग? शिरेतलं रक्त गडद तांबडं असतं. मी सेक्टर 9 च्या रुग्णालयात अनेकदा रक्त दिलंय. कोपराच्या लवणीतल्या शिरेतून 350 मिलीच्या पिशवीत उतरणारं रक्त कोकमाच्या आगळासारखं दिसतं. निळं कधी दिसलं नाही, आणि दिसलं असतं तर मी खुर्चीवरून उठून पळालो असतो. कातडीवरून शिरा निळसर दिसते ती कातडीतून परतणाऱ्या उजेडाच्या खेळामुळे. तुमच्या चौकटीप्रमाणे मी आजवर जे दान केलं ते सगळं इम्प्युअर. ज्यांना ते चढवलं त्यांची मी तुमच्या वतीने क्षमा मागतो.

दोष सगळा तुमचा नाही, हे कबूल करतो. मी गोंदियाला मामाकडे राहून मराठी शाळेत शिकलो, तेव्हा आम्हाला धमनी-शिरा नव्हत्याच, रोहिणी आणि नीला होत्या. एक तांबडी, एक निळी, नावातच रंग. मास्तर फळ्यावर लाल खडूने शुद्ध आणि निळ्या खडूने अशुद्ध काढायचे. मला ते लगेच पटलं होतं, कारण घरी आजीचं सोवळं होतं. सोवळ्यातलं ताट वेगळं, ओवळ्यातलं वेगळं. शाळेतून आलेल्या नातवाने सोवळ्यातल्या पाण्याला शिवायचं नाही. मला वाटायचं, शरीरातही आजी बसली आहे आणि डाव्या कप्प्यात कुणाला येऊ देत नाही. मी सत्तरीला आलो तेव्हा कळलं की विज्ञानाच्या तासाला आम्ही आजीचंच पाठांतर करत होतो. तुम्ही ते इंग्रजीत नेलंत, 'प्युअर-इम्प्युअर', आणि त्याचे पैसे लावलेत. आजी फुकट शिकवायची.

सोवळ्याचा विषय निघालाच आहे तर जेवणाचंही बघू. दुपारी वरणभात खाल्ला, आतड्यात पचला, त्यातली साखर रक्तात शिरली. कोणत्या वाहिनीत? यकृताकडे जाणाऱ्या शिरेत. तुमच्या हिशोबाने 'इम्प्युअर'. सगळ्या अंगातलं सगळ्यात पौष्टिक रक्त, नुकतंच जेवून उठलेलं, आणि तुम्ही त्याला ओवळं ठरवून माजघराबाहेर बसवलंत. आईच्या पोटातल्या बाळाचं बघा: वारेकडून बाळाकडे ऑक्सिजन आणि अन्न घेऊन जाते ती नाळेतली शिरा. जन्माच्या आधी आपण सगळे त्या एका शिरेवर जगलो, तुम्हीसुद्धा. तिच्याबद्दल तुमच्या चौकटीत शब्द नाही. बहुधा ती 'हमखास 41' होती.

आता जिथे मला बोलायचा अधिकार आहे तिथे येतो. 'लाल म्हणजे शुद्ध' हे तुम्ही पोरांना शिकवता, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो, आणि हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

ब्लास्ट फर्नेसच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याच्याच जोरावर आम्ही खनिजातला ऑक्सिजन ओढून काढतो आणि लोखंड उरतं. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही लोखंडच. त्या लोखंडाची करामत अशी की ते ऑक्सिजनला हलकेच धरतं आणि हलकेच सोडतं, गंजत नाही. गंजलं की कामातून गेलं. पण कार्बन मोनॉक्साइड आला की हे लोखंड त्याला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट धरून बसतं आणि ऑक्सिजनला जागाच उरत नाही. आणि तेव्हा रक्ताचा रंग कसा होतो सांगू? चेरीसारखा लालभडक. तुमच्या चौकटीतला एकदम 'प्युअर'. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी बोटाला लावलेला तो ऑक्सिमीटरसुद्धा अशा वेळी फसतो आणि छान आकडा दाखवतो, कारण तोही रंग बघूनच हिशोब करतो. तुमचा विद्यार्थी शोभतो.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सेफ्टीच्या साहेबांनी आम्हाला बसवून एकच गोष्ट सांगितली होती: 'माणूस लाल दिसतोय म्हणजे बरा आहे असं समजू नका. श्वासाचा बीए सेट लावल्याशिवाय उचलायलाही जाऊ नका, नाहीतर दोघे जाल.' जून 2014 मध्ये भिलाईत वायुगळती झाली, सहा माणसं गेली. त्या दिवसाबद्दल मी घरी कधी बोललो नाही. नातीला मात्र परवा सांगितलं, कारण तुमची चौकट पुसायला मला दुसरा खोडरबर सापडला नाही.

असो. जरा हलकं होऊ.

तुमचा एक मोठा पूर्वज होऊन गेला, गॅलेन नावाचा. रोमन साम्राज्यातला वैद्य, इसवी सनाचं दुसरं शतक. बुद्धीने अफाट. त्याने सांगितलं की रक्त यकृतात तयार होतं, अंगात जातं आणि तिथेच संपतं. हृदयाच्या मधल्या पडद्याला बारीक भोकं असतात, त्यातून उजवीकडचं रक्त डावीकडे पाझरतं. भोकं कुणाला दिसली? कुणालाच नाही. पण त्यांना तीन चांदण्या होत्या. त्याचं हमखास पुस्तक चौदाशे वर्षं चाललं. सर, तुमची आवृत्ती दर जूनला बदलते. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस नावाच्या हकिमाने लिहून ठेवलं की पडद्याला भोकंबिकं काही नाहीत, रक्त फुप्फुसातून फिरून येतं. त्याच्याकडे युरोपातलं फारसं कुणी फिरकलं नाही. सिलॅबसबाहेरचं कोण वाचतं?

मग 1628 मध्ये, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दोन वर्षं आधी, विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने पुस्तक छापलं. त्याने केलं काय, तर गुणाकार. हृदय एका ठोक्याला किती रक्त ढकलतं, अर्ध्या तासात किती ठोके पडतात. उत्तर इतकं मोठं आलं की तेवढं रक्त यकृतात रोज तयार होणं शक्यच नव्हतं. म्हणजे तेच रक्त फिरून फिरून येतंय. मी नातीला म्हटलं, तुझ्या पुस्तकातले आकडे घे. एका ठोक्याला 70 मिली, मिनिटाला 72 ठोके. तिने वहीच्या मागच्या पानावर गुणलं: मिनिटाला 5 लिटर. तासाला 300. दिवसाला 7200. मी म्हटलं, आपल्या गल्लीत उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो तो पाच हजार लिटरचा. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'आजोबा, माझ्यात रोज दीड टँकर?' मी म्हटलं, 'नाही. पाच लिटरच. पण दीड टँकर एवढ्या फेऱ्या.' 70 मिली, 72 ठोके आणि 5 लिटर, हे तीन आकडे तुमच्या पुस्तिकेतही आहेत, सर. तीन वेगवेगळ्या चौकटींत, एकमेकांची ओळख नसलेल्या पाहुण्यांसारखे.

हार्वेचा दुसरा प्रयोग आम्ही हुडकोच्या ओट्यावर केला. त्याला लागतो एक गमछा आणि एक म्हातारा. म्हाताऱ्याचे हात कामाचे असले तर उत्तम. माझ्या हातावर शिरा दोरखंडासारख्या उठतात, जवळपास चाळीस वर्षं सळया उचलल्याचं एवढं एक बक्षीस. नातीने दंडावर गमछा बांधला, फार आवळून नाही, नाडी लागेल इतपत. हात खाली सोडला. शिरा फुगल्या आणि त्यांच्यात जागोजागी गाठी दिसायला लागल्या, उसाला पेरं असतात तशा. त्या गाठी म्हणजे झडपा.

मी तिला म्हटलं, आता मनगटाच्या बाजूला एका बोटाने शीर दाब. दाबून ठेव. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे रक्त सारत ने, गाठीच्या पलीकडे. आता वरचं बोट काढ.

तिने काढलं. मधला तुकडा सपाट. वरची शीर गच्च भरलेली, पण रक्त गाठीच्या खाली उतरेना. तिने वरून दाबून ढकलून बघितलं. गाठ फुगली, पण थेंब खाली आला नाही. मग तिने खालचं बोट उचललं आणि शीर खालून सरसर भरली, माठात पाणी चढावं तशी.

तिने ते सात वेळा केलं. माझा हात बधिर व्हायला लागला, तरी मी बोललो नाही. आमची ही आतून ओरडली, 'अहो, दिवा लावायची वेळ झाली, हात कसले बांधून घेताय?' नात म्हणाली, 'आजी, थांब, इकडून जातच नाहीये.' सर, तिच्या आवाजात जे होतं ना, ते तुमच्या चाळीसांपैकी एकाही प्रश्नाने आलेलं नाही. तुमच्या पुस्तिकेत झडपांना एक चांदणी आहे. एक मार्काचा प्रश्न: 'शिरांमध्ये झडपा असतात. चूक की बरोबर?'

त्यानंतरच्या रविवारी आम्ही सुपेल्याच्या बाजारात गेलो. मला बोकडाचं हृदय हवं होतं. मराठीत मोठी पंचाईत आहे. आपण म्हणतो काळजाला हात घातला, काळीज पिळवटलं, आणि हात छातीवर ठेवतो. खाटकाकडे काळीज मागितलं तर तो यकृत बांधून देतो. दुकानदाराने विचारलं, 'दादा, कलेजी देऊ?' मी म्हटलं, 'नाही, दिल.' त्याने माझ्याकडे, मग नातीकडे बघितलं आणि म्हणाला, 'इस उमर में?' रांगेतली चार माणसं हसली. नात लाजून भाजीच्या गाड्यामागे गेली.

घरात ते नेता आलं नाही, आमच्या स्वयंपाकघरात अजून आजीचं राज्य आहे. अंगणात जुन्या वर्तमानपत्रावर मांडलं. नातीने जुन्या भाजीच्या सुरीने उभा काप घेतला. पहिली गोष्ट दिसली ती भिंत. उजव्या खालच्या कप्प्याची भिंत पातळ, बोटाने दबते. डाव्या खालच्या कप्प्याची जाड, तिप्पट तरी. आत पांढऱ्या दोऱ्या, झडपांना खाली बांधून ठेवणाऱ्या, छत्रीच्या काड्यांना कापड शिवलेलं असतं तशा. तुमच्या आकृतीत त्या दोऱ्या नाहीत, कारण 'आकृती सोपी काढा, पाच मार्क'. नातीने डाव्या कप्प्यातून निघणाऱ्या जाड नळीत बोट घातलं आणि विचारलं, 'ही भिंत एवढी जाड का?' मग तिनेच उत्तर दिलं: 'याला टाचेपर्यंत ढकलायचंय. त्याला फक्त शेजारी फुप्फुसात.' मी काही बोललो नाही. जाळीच्या दाराआडून मात्र आवाज आला, 'आणि टाचेपासून वर कसं येतं गं?' आमची ही, पदर नाकाला लावून, कधीपासून उभी होती देव जाणे. नातीने माझा हात उचलला आणि आजीला शिरेची गाठ दाखवली.

हे सगळं करायला किती लागलं? हृदय चाळीस रुपये, गमछा घरचा, हात माझा. तुमच्या पुस्तिकेपेक्षा एकशे दहा रुपये स्वस्त. झेरॉक्सही नाही.

आता एक जरा कडू. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंची मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिला सिकलसेल आहे. छत्तीसगडमध्ये आणि आपल्या विदर्भात हा आजार किती घरांत आहे, तुम्हाला सांगायला नको. तुमच्या पुढच्या प्रकरणात त्याला तीन चांदण्या आहेत: 'सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन.' बरोबर आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत 146 मणी, त्यातला सहावा बदलला, आणि ऑक्सिजन कमी झाला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी पेशी 120 दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत मोडते. बारीक नळ्यांमध्ये अडकते आणि पोर दुखण्याने कळवळते. 1 जुलै 2023 ला शहडोलला या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तपासणीची कार्डं वाटली गेली, औषधं आहेत. पण त्या मुलीने ओट्यावर बसून मला विचारलं ते असं: 'बबा, मोर खून ह खराब हे का?' तिच्या शाळेतही तुमच्यासारखेच कुणीतरी सर असणार, शुद्ध-अशुद्धवाले. लग्नाच्या बोलण्यात पुढे हाच शब्द तिच्या वाट्याला येणार. मी तिला सांगितलं की तुझ्या पाककृतीत एक अक्षर चुकून छापलंय, शुद्धलेखनाची एक चूक आहे, तुझी नाही. तिला पटलं की नाही माहीत नाही. माझं छत्तीसगढी कच्चं आहे आणि 'अशुद्ध' हा शब्द फार पक्का.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या आवृत्तीत पान सहावरच्या चौकटीतले 'प्युअर' आणि 'इम्प्युअर' हे दोन शब्द काढा आणि त्या जागी 'हृदयापासून' आणि 'हृदयाकडे' लिहा. अपवादाची ओळ आपोआप गळून जाईल, झेरॉक्सवाल्याचंही काम सोपं होईल. रटायला थोडं कमी पडेल, पण त्याऐवजी एखादा गमछा आणा. हात हवा असेल तर मी रविवारी सकाळी मोकळा असतो.

कळावे, लोभ आहे तो किती ते फीच्या पावतीवरून समजेलच.

आपल्या विद्यार्थिनीचा आजोबा

ता. क. तिसरा हप्ता दहा तारखेला भरतोय. तुमच्या पावतीच्या तळाला बारीक अक्षरात छापलं आहे, 'एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.' नातीने ते वाचलं आणि म्हणाली, 'आजोबा, झडप.'